बॅगवर कुणाचा चेहरा लावू नका

मागच्या अंकात चालण्याच्या व्यायामावर लिहिताना मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की चालून चालून ज्यांना कंटाळा आलाय आणि ऑफिस काही केल्या डोक्यातून उतरत नाही त्यांनी एकदा बॉक्सिंग करून बघावं. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी फोंड्यात फिजिओथेरपी करते आणि गेली अकरा वर्षं आठवड्यातून तीन सकाळी ग्लव्हज घालते, मॅच कधीच खेळले नाही, त्यामुळे जे सांगतेय ते व्यायाम म्हणून बॉक्सिंग करणाऱ्यांसाठी. कुणाचंच नाव छापलेलं नाही, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, मी एका हॉटेलात अकाउंट्सला आहे. डिसेंबर ते मार्च श्वास घ्यायला वेळ नसतो आणि मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडतो. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं की त्याचा चेहरा पंचिंग बॅगवर आहे असं समज आणि दे दणादण. महिनाभर केलं. मारताना बरं वाटतं पण घरी पोचेपर्यंत डोकं आणखी तापलेलं असतं, मुलगा साधं पाणी मागायला आला तरी खेकसते. माझं काय चुकतंय? – वाचिका, म्हापसा

तुझं काही चुकत नाहीये, तुला सांगितलं ते चुकीचं सांगितलं. आणि हे एकट्या तुझ्या ट्रेनरचं नाही, राग 'बाहेर काढला' की संपतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, कुकरची शिट्टी झाली की वाफ गेली, तसं. पण माणूस कुकर नाही गं.

ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा २००२ सालचा एक प्रयोग आहे, तो मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. ६०० कॉलेजची मुलं-मुली घेतली, त्यांच्याकडून निबंध लिहून घेतला आणि मुद्दाम त्यावर झोंबेल असा शेरा मारला, म्हणजे सगळे चिडलेले. मग काही जणांना पंचिंग बॅग दिली आणि सांगितलं की ज्याने शेरा मारला त्याला डोळ्यांसमोर आणून मारा. काहींना तीच बॅग दिली पण सांगितलं की आपला व्यायाम होतोय, फिटनेस वाढतोय एवढंच मनात ठेवा. आणि काहींना नुसतं दोन मिनिटं बसवून ठेवलं. चेहरा डोळ्यांसमोर आणून मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले राहिले आणि पुढे दुसऱ्याला त्रास द्यायची संधी मिळाली तेव्हा सगळ्यात जास्त आक्रमकही तेच निघाले. आणि जे नुसते बसून होते ते सगळ्यात कमी. म्हणजे तुझ्या घरात रोज संध्याकाळी जे होतंय तेच तिथे झालं होतं. २०२४ मध्ये त्याच बुशमननी एका सहकाऱ्याबरोबर १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, दहा हजारांवर माणसं होती त्यात, तरी तेच दिसलं, राग ओकून टाकल्याने राग उतरत नाही, शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी उतरतो, म्हणजे सावकाश श्वास, ध्यान, योगासनं. नुसतं पळण्याने तर राग थोडा वाढतोच असंही त्यात दिसलं.

मग मी बॉक्सिंग कर म्हणून का सांगते? कारण राग आणि ताण हे एकच नाही. राग हा आत्ताचा असतो, समोरच्या माणसाचा असतो. ताण हा साठलेला असतो, व्हाउचर जुळत नाहीयेत, ईएमआय आहे, सासूबाईंचा गुडघा आहे, पावसाच्या आधी कौलं बघायची आहेत, हे सगळं खांद्यात आणि जबड्यात घट्ट होऊन बसलेलं असतं. त्याच्यावर बॉक्सिंग फार छान चालतं, आणि ते मारण्यामुळे चालत नाही, मोजण्यामुळे चालतं. बॉक्सिंगमध्ये प्रत्येक पंचला नंबर असतो, १ म्हणजे जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), २ क्रॉस (मागच्या हाताचा सरळ), ३ पुढच्या हाताचा हुक (बाजूने वळून येणारा), ४ मागच्या हाताचा हुक, ५ आणि ६ दोन्ही हातांचे अपरकट (खालून वर जाणारे). कोच ओरडतो "एक-दोन-तीन, वाक, दोन!" आणि तुला पाय कुठे, हनुवटी खाली आहे का, मारलेला हात परत गालापाशी आला का, श्वास सोडला का, एवढं एका क्षणात सांभाळायचं असतं. त्यात मॅनेजरला जागाच उरत नाही. दिवसातली ती वीस-पंचवीस मिनिटं तो तुझ्या डोक्यात नसतो, कमाई ती आहे. तू चेहरा बॅगवर लावलास की ती वीस मिनिटंसुद्धा तू त्यालाच दिलीस.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. कामावरून तापलेली आलीस की तडक बॅगकडे जाऊ नकोस, आधी पाच-सात मिनिटं दोरी किंवा जागच्या जागी सावकाश पावलं. मग दोन राउंड हवेत, बॅगशिवाय. मग बॅगवर चार राउंड, दोन मिनिटं काम आणि एक मिनिट आराम (मॅचमध्ये तीन मिनिटांचा राउंड असतो पण आपल्याला घाई नाही), आणि प्रत्येक राउंडला नंबरांची एक जोडी ठरवून घे, पहिला राउंड फक्त १-२, दुसरा १-१-२, असं. शेवटचा राउंड मुद्दाम निम्म्या जोराने. आणि मग जे जिममध्ये नव्वद टक्के लोक करत नाहीत ते कर, ग्लव्हज काढ, भिंतीला टेकून बस आणि पाच मिनिटं चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी उतरते म्हणून तो लांब ठेवायचा. ही पाच मिनिटं सोडून घरी गेलीस तर धडधडणारं हृदय घेऊन घरी जाशील, आणि तशा वेळी मुलाने पाणी मागितलं की काय होतं ते तुला माहीतच आहे.

आणि एक, सगळ्यांसमोर ओरडणारा मॅनेजर हा बॅगने सुटणारा प्रश्न नाही. तारीख, वेळ, काय बोलला, कोण हजर होतं हे एका वहीत लिहायला लाग आणि एचआरकडे लेखी दे. बॉक्सिंगने तेवढं करायला लागणारं बळ येईल, पण ते करावं तुलाच लागेल.

मडगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दुसरा मजला. बॅग टांगायला मालक देत नाही, जिमची फी परवडत नाही. घरात काही करता येईल का? – वाचक, मडगाव

येईल, आणि बॅगेशिवाय सुरुवात केलेली माणसं मला जास्त नीट शिकताना दिसतात. शॅडो बॉक्सिंग म्हणजे हवेत पंच मारणं, जगातला प्रत्येक बॉक्सर रोज करतो. दोन चटया मावतील एवढी जागा पुरे. उजव्या हाताचा असशील तर डावा पाय पुढे, पाय खांद्याएवढे लांब, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाजवळ, कोपरं बरगड्यांना लागून. आता डाव्या हाताचा जॅब सरळ, आणि ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने परत. उजव्या हाताचा क्रॉस मारताना मागचा पाय बोटांवर फिरव, सिगरेट चिरडतात तसा, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. पंच पायातून येतो हे पुस्तकात वाचून पटत नाही, पाय फिरवून एकदा मारलास की पटतं. प्रत्येक पंचला दातांतून "श्श" करून श्वास सोड. नवीन लोक श्वास धरून ठेवतात आणि मग एका मिनिटात दमून म्हणतात माझा स्टॅमिना नाही.

उड्या मारायच्या नाहीत, पाय सरकवायचे, म्हणजे खालच्या मजल्यावरची काकी वर येणार नाही. कोपर झटक्याने पूर्ण सरळ करू नकोस, हवेत अडवायला काही नसतं त्यामुळे सांध्याला हिसका बसतो. आरशासमोर कर, नसेल तर संध्याकाळी बाल्कनीच्या काचेत दिसतं तेवढं पुरे. फोनवर राउंड टायमरची फुकट ॲप आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, तू रोज पंचवीस मिनिटं नेटाने शॅडो केलंस आणि एक दिवस सुट्टी घेतलीस तरी १५० मिनिटं झाली, पैसे शून्य.

दीदी मी २२ वर्षांचा. राग आला की मी भिंतीवर मारतो, आई म्हणते "कित्याक मारता रे?" पण हात थांबत नाही. गेल्या आठवड्यात मारलं तेव्हापासून करंगळीच्या खालचं हाड सुजलंय, मूठ वळली की दुखतं. मित्राने घरामागच्या आंब्याला पोत्यात दर्यावरची रेती भरून बॅग बांधलीय, तिथे मारू का? – वाचक, वास्को

आधी एक्स-रे. आज. करंगळीच्या खालच्या लांब हाडाची मान मोडते त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात आणि गंमत म्हणजे शिकलेल्या बॉक्सरपेक्षा भिंतीवर, दारावर, कपाटावर मारणाऱ्यांनाच ते जास्त होतं. आठवडा झाला, अजून सूज आहे आणि मूठ वळताना दुखतंय म्हणजे घरी हळद लावून बसायची ही गोष्ट नाही. मूठ वळताना करंगळी बाजूच्या बोटावर तिरकी चढत असेल तर हाड फिरलंय, तसंच जुळलं तर पकड कायमची बिघडते. माझ्याकडे अशी मुलं दोन-दोन महिन्यांनी येतात आणि तेव्हा माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

रेतीचं पोतं नको रे बाबा. रेती खाली बसते, दोन दिवसांत पोत्याचा खालचा भाग दगड होतो, वर पोकळ, आणि मनगटाचा तिथे चुराडा. बॅग चिंध्यांनी भरतात, जुन्या साड्या, चादरी, टी-शर्ट कापून, मधे चेन-बटन काही राहिलं नाही ना ते बघून, आणि थर थर दाबत. अंगठा दाबला तर आत जायला पाहिजे.

हात बरा झाल्यावर, डॉक्टरने हो म्हटल्यावर, आधी हँडरॅप बांधायला शिक. १८० इंचाची, म्हणजे साडेचार मीटरची पट्टी घे, छोटी घेऊ नकोस, ती मनगटालाच पुरत नाही. अंगठ्यात फास, मनगटाला तीन-चार वेढे, मग बोटांच्या सांध्यांवरून, मग बोटांच्या मधून, परत मनगट. मूठ वळली की घट्ट आणि उघडली की सैल वाटली पाहिजे, बोटं निळी-पांढरी पडली तर सोड आणि पुन्हा बांध. मुठीत अंगठा आत कोंबायचा नाही, बाहेरून बोटांवर. आणि बॅगला लागायला हवेत ते पहिल्या दोन बोटांचे सांधे, तर्जनी आणि मधलं. मारून झाल्यावर रॅप काढून हात बघ, लाली त्या दोन सांध्यांवर असेल तर बरोबर, करंगळीकडे असेल तर मनगट वाकतंय. ग्लव्हज बॅगसाठी १२ औंस, अंगाने जड असशील तर १४ किंवा १६.

पण हात थांबत नाही म्हणतोस ना, ते मला हाडापेक्षा जास्त लागलं. वर म्हापशाच्या ताईला लिहिलंय ते तूही वाच, राग आलेल्या क्षणी बॅगकडेही जायचं नाही. त्या क्षणी घराबाहेर पड, हात खिशात नको, मोकळे सोडून चाल, बायणाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत ये. बॅग ही रोजच्या वेळेची, सकाळी सहा म्हणजे सहा, राग असो नसो. चार-सहा आठवडे असं करूनही भिंतीवर हात जात असेल तर समुपदेशकाला भेट, त्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः आयुष्यातल्या एका वाईट वर्षी गेले होते आणि गेले म्हणून बरी झाले.

मी निवृत्त शिक्षक, वय ६१. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगी म्हणते बाबा बॉक्सिंग करा, मन हलकं होईल. या वयात शोभतं का, झेपतं का? शिवाय माझ्या थोरल्या भावाला पार्किन्सन आहे, त्याच्यासाठी बॉक्सिंग चांगलं असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का? – वाचक, साखळी

सर, शोभण्याचं सोडून द्या, मुलगी सांगतेय ना. झेपण्याचं बोलू.

आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि विचारताना 'बॉक्सिंग' एवढंच म्हणू नका, नाहीतर त्यांच्या डोळ्यांसमोर रिंग येईल, सांगा की कुणी मला मारणार नाही, मी हवेत आणि बॅगवर हलके पंच मारणार आहे, वीस मिनिटं. विश्रांतीत वरचा आकडा १८० किंवा खालचा ११०च्या आसपास असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. गोळी कुठली तेही बघा. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी बीटा-ब्लॉकर असेल तर ती नाडी मुद्दाम खाली ठेवते, त्यामुळे मनगटी घड्याळातला आकडा कमी दिसतो आणि माणूस समजतो की अजून जोर लावायला हरकत नाही. तुम्ही नाडी किती चढू द्यायची हे ठरवायचं '२२० वजा वय' हे गणित बाजूला ठेवा आणि बोलून बघा, पंच मारता मारता एक वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, श्लोकाचा एक चरण म्हणा हवं तर. धाप लागून शब्द तुटले तर जोर जास्त झाला.

श्वास रोखून मारलेला पंच रक्तदाब झटकन वर चढवतो म्हणून तो "श्श" तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आणि संपल्यावर एकदम खुर्चीत बसू नका, पाच मिनिटं अंगणात चाला, मग बसा, काही गोळ्यांनी उठता-बसता चक्कर येते. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि १०८ला फोन करायचा.

भावाबद्दल ऐकलंत ते खरं आहे. अमेरिकेत इंडियानापोलिस इथे २००६ मध्ये 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' नावाचा उपक्रम सुरू झाला, सुरू करणाऱ्या वकिलालाच चाळिशीत पार्किन्सन झाला होता. त्यात कुणी कुणाला मारत नाही. पार्किन्सनमध्ये हालचाल लहान होत जाते, पावलं आखूड, हात हलत नाहीत, अक्षर बारीक, आवाज बारीक. बॉक्सिंगमध्ये सगळं त्याच्या उलट करायला लागतं, हात लांब फेकायचा, पाऊल मोठं टाकायचं, तोल सावरायचा, वर नंबर मोठ्याने ओरडायचे. त्याने आजार बरा होत नाही, पण तोल आणि चालण्याला मदत होते, माझ्याकडे येणाऱ्या दोघांमध्ये मी ती बघते आहे. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने आणि फिजिओ बाजूला उभा असतानाच करा, सुरुवात खुर्चीत बसून. दोघे भाऊ एकत्र केलंत तर मला फार आनंद होईल.

ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा, शाळेचं टेन्शन खूप घेतो, नखं खातो. त्याला बॉक्सिंग शिकायचंय. मला डोक्याला मार लागायची भीती वाटते. शिवाय मारामारी शिकेल का? – वाचिका, डिचोली

तुमची भीती बरोबर आहे आणि ती मी कमी करायला जाणार नाही, फक्त नेमक्या जागी ठेवायला सांगेन. बॅग, पॅड (समोरचा हातात धरतो ती पंच झेलायची गादी), दोरी, शॅडो यात डोक्याला काहीच लागत नाही. लागतं ते स्पारिंगमध्ये, म्हणजे समोरासमोर. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये एकत्र निवेदन काढून मुलांच्या बॉक्सिंगला विरोध केला तो याच कारणाने, की या खेळात डोक्यावर मारणं हेच उद्दिष्ट असतं. हेडगार्ड घातला की झालं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, हेडगार्डने भुवई फुटणं, खरचटणं वाचतं, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हेडगार्ड थांबवू शकत नाही. रिओ २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर तर हेडगार्डशिवायच खेळतात.

मी स्वतः शिकायला लागले तेव्हा पहिल्या जिममध्ये तिसऱ्याच आठवड्यात मला माझ्यापेक्षा वीस किलो जड मुलासमोर उभं केलं, "भीती जाईल" म्हणून. कानशिलावर एक बसला. चार दिवस डोकं दुखत होतं, उजेड सहन होत नव्हता, आणि मी फिजिओ असूनसुद्धा कुणाला बोलले नाही कारण लाज वाटत होती. तो कन्कशन होता, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. ती जिम मी सोडली, बॉक्सिंग सोडलं नाही.

म्हणून कोचला सरळ विचारा, स्पारिंग कधी सुरू करता? 'दुसऱ्या महिन्यात' असं उत्तर आलं तर उठून या. ताणासाठी जाणाऱ्या मुलाला स्पारिंगची गरजच नाही, आम्हाला नको हे लेखी द्या. आणि कधी डोक्याला लागलंच, मग उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, उजेडाचा त्रास, डोकेदुखी यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी खेळ बंद आणि डॉक्टर, पूर्ण बरं होण्याआधी दुसरा मार बसणं हे सगळ्यात धोक्याचं. तालुक्याच्या क्रीडा संकुलात चौकशी करा, २०२३ मध्ये ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे गोव्यात झाली तेव्हापासून मुलांचं या खेळांकडे लक्ष वाढलंय. पहिले तीन-चार दिवस कोपऱ्यात बसून कोच मुलांशी कसा बोलतो ते बघा, मला तर तेच त्याच्या मेडलांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मारामारीचं म्हणाल तर चांगला कोच पहिल्याच दिवशी सांगतो की बाहेर हात उचललास तर ग्लव्हज काढून ठेव. नखं खाण्याचं वेगळं, त्याच्याशी अभ्यासावरून घरात काय बोललं जातं ते एकदा शांतपणे आठवून बघा.

लग्नानंतर सुरू केलं, सासूबाई म्हणतात हे बायकांचं काम नाही. काय सांगू? – वाचिका, कुडचडे

मेरी कोमला तीन मुलगे आहेत आणि तिसऱ्या मुलानंतर २०१८ मध्ये तिने जागतिक स्पर्धेतलं सहावं सुवर्ण घेतलं, हे सांगा. लंडन २०१२ला ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि त्याच वर्षी तिने कांस्य आणलं. निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा जगज्जेती. हे सगळं सांगूनही नाही पटलं तर एक दिवस सासूबाईंनाच पॅड धरायला द्या, माझ्या एका पेशंटने दिले होते, आता चवथीची धावपळ सोडली तर सासू-सून रोज संध्याकाळी पडवीत पंधरा मिनिटं करतात.

पावसाळ्यात ग्लव्हजना बुरशी आली, वास जात नाही. – वाचक, काणकोण

आपल्याकडच्या हवेत जून ते सप्टेंबर हे होणारच. वापरून झाले की बॅगेत बंद करून कधीच ठेवू नका, वेल्क्रो पूर्ण उघडून पंख्याखाली, आत वर्तमानपत्राचे बोळे, ते दोन तासांनी बदला. पाण्यात व्हिनेगर मिसळून फडक्याने आतून पुसा, भिजवू नका. रॅप रोज धुवा, खरा घाम तेच पितात. काळे डाग आतल्या फोमपर्यंत गेले असतील आणि हाताला खाज येत असेल तर नवे घ्या, उन्हात घालून ते जात नाहीत, उलट लेदर तडकतं.

मी वेर्ण्याला फार्मा कंपनीत शिफ्टला. रात्री दहाला सुटलो की जिमला जाऊन तासभर जोरात बॅग मारतो, घामाघूम होतो, पण मग तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही. महिना-दीड महिना झाला, आता जेवणही जात नाही, पूर्वी फुटबॉल बघायचो तेही नको वाटतं, सकाळी वाटतं उठूच नये, कशासाठी उठायचं. बॉक्सिंग वाढवू का? – वाचक, पेडणे

वाढवू नकोस. आधी झोपेचं, झोपायच्या तासभर आधी केलेला जोराचा व्यायाम खूप जणांची झोप उडवतो, अ‍ॅड्रिनॅलिन चढलेलं असतं, अंग गरम असतं. रात्री दहाला सुटल्यावर फक्त दहा मिनिटं सावकाश शॅडो आणि तो चार-सहाचा श्वास, बॅग दुसऱ्या दिवशी उठल्यावर, ड्युटीच्या आधी. चहा-कॉफी संध्याकाळनंतर बंद.

पण तुझ्या पत्रातलं मला झोपेपेक्षा पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. भूक नाही, आवडती गोष्ट नकोशी, उठावंसं वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर हा थकवा नाही, हे डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत, चांगले आहेत, लोक बरे होतात. बॉक्सिंग त्याच्या जोडीला चालतं, त्याच्या जागी चालत नाही. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आयपीएचबी म्हणतात ती, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळच, तिथे ओपीडीत जा. जायला जमेपर्यंत किंवा रात्री तीनला एकटं वाटलं तर टेलि-मानस, १४४१६, सरकारचा फुकट नंबर आहे, चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. 'कशासाठी उठायचं' याच्या पुढे जाऊन स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं असेल तर उद्याची वाट बघू नकोस, घरातल्या कुणाला तरी आत्ता उठव आणि सांग.

एकटा जाऊ नकोस, भाऊ किंवा शिफ्टमधला एखादा दोस्त बरोबर घे, गोळ्या दिल्या तर कामाची वेळ डॉक्टरांना नीट सांग म्हणजे ते त्याप्रमाणे देतील. जाऊन आलास की मासिकाच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिही, छापणार नाही, मला फक्त कळायला हवंय.